पेटीनं बोलू नये

लकडगंजातल्या आमच्या दुकानात
बाबा आधी फळीला टिचकी मारतात, मग भाव सांगतात.
डाव्या कानानं त्यांना काहीच येत नाही,
तो कान सव्वीस वर्षं करवतीच्या बाजूला होता.
म्हणून टिचकी मारली की लगेच तळवा टेकवतात,
भाकरी शेकली का बघावं तसा, जरा घाईनं.

इंदोऱ्याचा प्रज्वल रामटेके आला,
पंधरा इंची दोन स्पीकर गोणपाटात गुंडाळून.
"काका, बारा एमएमचा प्लाय लावा,
दोघांनी छोट्या हत्तीत चढवता आली पाहिजे पेटी."
"बारा एमएमची पेटी लेका
तुह्या गाण्याच्या आधी आपलंच गाणं म्हणते."
तो हसला. इसार म्हणून पाचशे ठेवले.
गिऱ्हाइकाचं ऐकायचं असा बाबांचा नियम नाही,
पण त्या महिन्यात माझी फी भरायची होती.

चौथ्या दिवशी पेट्या परत.
"आवाज वाढवला की सगळं एकाच सुरात घुमते काका,
ढोल कोणता, बास कोणता, समजूनच नाही राहिलं."
बाबांनी लावायला सांगितलं.
वरच्या फळीवर एक रुपया उभा केला, कडेवर.
रुपया थरथरला,
चालत चालत काठाशी गेला
आणि भुशात पडला.
कोणी वाकलं नाही.

पडदा जेवढी हवा पुढं ढकलतो
तेवढीच मागं.
पुढची मांडवात जाते, पोरं नाचतात.
मागचीला दार नाही,
ती भिंती रेटत राहते,
आणि पातळ भिंत हलते,
हलली की बोलते.

मग बाबांनी कोपऱ्यातला माल काढून दाखवला.
एमडीएफ: जड, मठ्ठ, आतून एकसारखा, कामाचा,
पण मार्च ते जून या गावात घरोघरी कूलर,
ओल लागली की चहातल्या टोस्टासारखा फुगतो
आणि स्क्रू सोडून देतो.
आलापल्लीचा साग: रेषा बघत बसावं,
पण शेहेचाळीस डिग्रीत तो आखडतो,
सांध्यातून हवा शिट्टी मारते.
बर्चचा प्लाय एकदाच आला होता, कुणाच्या उरलेल्या मालातून.
थर मोजले, तेरा.
बाबांनी परत मोजले.
तो तुकडा त्यांनी अजून विकला नाही.

"अठराचा प्लाय. समोरची फळी पंचवीस.
आत आडवी पट्टी, मधोमध नाही, जराशी बाजूले."
मधोमध का नाही, मी विचारलं.
"दोन्ही भाग सारखे झाले
तर दोघं एकाच सुरात बोंबलतात, बाई."

यावेळी प्रज्वलनं आत्याच्या पोरालाही आणलं,
तिसरा माणूस, उचलायला.
शिव्या देत त्यानं एक पेटी सरळ केली.
बाबांनी वर तोच रुपया ठेवला,
शर्टाला पुसून.

शटर वाजलं.
फेविकॉलचा डबा बाकावरून सरकला.
समोरच्या पानठेल्यावरच्या बरण्या एकमेकींना लागल्या,
माझ्या पोटात कुणी आतून दार ठोठावत होतं.
रुपया उभा.
प्रज्वल गाणं ऐकत नव्हता, रुपयाकडं बघत होता.
बाबांचा तळवा फळीवर, डोळे मिटलेले.
"नाही बोलून राहिली," ते म्हणाले,
जरा जास्तच मोठ्यानं.

रात्री टिमकीत, घरी,
कूलरचा पत्रा खडखडतो.
आई कूस बदलते, पत्र्याला नावं ठेवते.
बाबा उजव्या कानावर झोपतात,
म्हणजे त्यांना काहीच ऐकू येत नाही,
तरी पाय लांब करून टाच पत्र्याला लावतात
आणि पत्रा गप्प होतो.

दोन-अडीचच्या सुमाराला टाच निसटते.
मग मी उठते.
कधी त्यांचाच पाय उचलून परत लावते,
कधी माझा.